वेदीमागची भिंत

मुंबईत एखाद्या जुन्या चर्चची डागडुजी निघाली की छप्पर, गळती, रंग यांवर लोकांचं पटकन एकमत होतं. अडतं ते वेदीपाशी, म्हणजे फादर जिथे मुख्य विधी करतात त्या मेजापाशी. भिंतीला टेकलेली जुनी वेदी ठेवायची की काढायची, समोरची टेबलासारखी वेदी किती पुढे आणायची, परमप्रसादाची (विधीत पवित्र केलेल्या भाकरीची) पेटी मधोमध हवी की बाजूला, यावर पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या स्थानिक मंडळींची, बैठक रात्री दहा वाजले तरी उठत नाही. बाहेरच्याला हे सजावटीचं भांडण वाटेल. पण चर्चची इमारत नेमकी कशासाठी असते, या जुन्या प्रश्नाचीच ती आजची आवृत्ती आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. माझी वसईची आजी शेवटपर्यंत चर्चला 'देऊळ'च म्हणायची. मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरांतल्या जुन्या पिढीच्या तोंडीही हाच शब्द ऐकू येतो. पोर्तुगीजांचा शब्द 'इग्रेजा'. तो ग्रीक 'एक्लेसिया'वरून आला आणि त्याचा अर्थ बोलावून जमवलेली सभा. मराठी बायबलने एक्लेसियासाठी 'मंडळी' हा शब्द घेतला, कॅथलिकांनी 'ख्रिस्तसभा' रूढ केला. म्हणजे मराठीत माणसं मंडळी आणि इमारत देऊळ, अशी सरळ वाटणी होती. इंग्रजी 'चर्च'ने दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले. आजी देवाच्या घरी जायची. आम्ही चर्चला जातो, म्हणजे देवाकडे जातो की माणसांकडे, हे आम्हालाही नीट सांगता येत नाही.

सुरुवातीची तीन शतकं चर्च नावाची वेगळी इमारत जवळजवळ नव्हतीच. लोक घरांतून जमत. सीरियातल्या दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलं, त्यात बाप्तिस्म्याची वेगळी खोली आहे. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाल्यावर मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांचा नमुना मात्र रोमन देवळांचा घेतला नाही, बॅसिलिकेचा घेतला. बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाड्याचं, व्यवहाराचं सभागृह. रोमन देवळात मूर्ती आत आणि गर्दी बाहेर. इथे गर्दीच आत हवी होती. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना 'जिवंत दगड' म्हटलंय, ते या निवडीशी जुळतं. पुढे वेदी पूर्वेला असावी हा संकेत रुजला, कारण उगवता सूर्य हे ख्रिस्ताच्या पुनरागमनाचं चिन्ह. अपवाद पहिल्यापासून होते. रोमचं सेंट पीटर्सच उलट्या दिशेचं आहे.

मुंबईत हे सगळं पोर्तुगीजांबरोबर आलं. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली. माहीमच्या सेंट मायकलची परंपरा त्याच वर्षापासून सांगतात, वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १५७५ चं. हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा, म्हणजे कॅथलिकांच्या सोळाव्या शतकातल्या सुधारणा-परिषदेच्या प्रभावाचा काळ. वेदी सगळ्यांना दिसली पाहिजे म्हणून मधले पडदे गेले आणि तिच्यामागे सोनेरी नक्षीची उंच लाकडी पाठ उभी राहिली. हिला मी मखर म्हणतो. गणपतीच्या मखराशी तिचं नातं नसेल, पण काम तेच: नजर दुसरीकडे जाऊ द्यायची नाही. बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यातच प्रार्थनास्थळ केलं गेलं आणि वर मठ बांधला गेला. तो अध्याय अभिमानाने सांगावा असा नाही. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा तिकडचीच मानतात.

इंग्रजांचा वारसा वेगळा. फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ मध्ये उघडलं आणि चर्चगेटला नाव देऊन गेलं. कुलाब्याच्या अफगाण चर्चचं समर्पण १८५८ चं. तिथल्या बाकांना सैनिकांच्या बंदुका टेकवायला खाचा आहेत. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या परंपरेत इमारतीचा मध्य म्हणजे व्यासपीठ. वेदीच्या जागी प्रभुभोजनाचं मेज, आणि तेही साधं. त्या मंडळींना दिशेचा प्रश्न फारसा पडला नाही, म्हणून त्यांना इथे कमी जागा देतोय. हा अन्याय आहे हे मान्य.

आता मूळ मुद्दा. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या सभेने, उपासनेवरचा दस्तऐवज संमत केला. त्यात लोकभाषेला जागा आहे, लोकांच्या सक्रिय सहभागावर भर आहे. वेदी फिरवा, असं त्यात कुठेही नाही. ते आलं सप्टेंबर १९६४ च्या अंमलबजावणीच्या सूचनांत. मुख्य वेदी भिंतीपासून सुटी बांधणं बरं, म्हणजे तिच्याभोवती सहज फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून विधी करता येईल, असा त्या कलमाचा भाव. 'बरं' आणि 'करता येईल'. आज्ञार्थ नाहीच. सूचना लागू झाल्या मार्च १९६५ मध्ये, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रोमहून आणखी एक पत्र निघालं, की लोकाभिमुख वेदी अगदी अनिवार्य आहे असं नव्हे.

हे पत्र कोणी वाचलं? मुंबईत वारं आधीच सुटलं होतं. १९६४ च्या डिसेंबरात पोप पहिल्यांदा भारतात आले ते याच शहरात, आंतरराष्ट्रीय युखरिस्त (परमप्रसाद) परिषदेसाठी. ओव्हल मैदानावर अफाट गर्दी. उघड्यावरच्या वेदीला मागची भिंत नसते, आणि ते चित्र इथल्या कॅथलिकांच्या मनावर कोरलं गेलं. पुढच्या काही वर्षांत मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली, जुन्या वेदीपुढे नवं मेज आलं, वेदीपुढचे कठडे निघाले. काही ठिकाणी मखरंही गेली. परवानगी हुकूम म्हणून वाचली गेली, असं माझं मत आहे. भाषाबदल मला हवाच होता. तोडफोड नको होती.

'फादर आधी लोकांकडे पाठ करून उभे राहायचे' हे वाक्य तेव्हापासून वेदवाक्यासारखं फिरतंय. आपल्या मातीत ते जरा विचित्रच वाटतं. घरात आरती चालू असताना गुरुजींनी आपल्याकडे पाठ केली, असं कुणी म्हणतं का? ते आणि आपण एकाच बाजूला बघत असतो. जुन्या मांडणीचा अर्थ हाच होता: सगळे एका दिशेला निघालेत, फादर सर्वांत पुढे. नव्या मांडणीचा अर्थ, सगळे एका पंगतीला बसलेत आणि यजमान समोर. वाट आणि पंगत, दोन्ही प्रतिमा शास्त्राला धरून आहेत. गंमत म्हणजे 'वेदीभोवती सहज फिरता येईल' ही १९६४ ची अट वाचताना मराठी माणसाला पहिल्यांदा प्रदक्षिणाच आठवते, आणि धूप देताना फादर तेच करतात.

इमारतीला किती गंभीरपणे घेतलं जातं ते समर्पणविधीत दिसतं. नव्या चर्चवर आधी पवित्र पाणी शिंपडतात. मग वेदीवर सुगंधी तेल ओतून ते तळहाताने चोळतात, भिंतींवर बारा किंवा चार जागी त्याच तेलाचे क्रूस काढतात. वेदीवर धूप जाळतात, तिला पांढरं वस्त्र घालतात, मग दिवे लागतात. पाणी, तेल, पांढरं वस्त्र, दिवा: बाळाच्या बाप्तिस्म्यात याच चार गोष्टी असतात. इमारतीचा बाप्तिस्माच म्हणा. आमच्या पॅरिशमध्ये भिंतीलगतची जुनी वेदी आता कुंड्या ठेवायला आहे. गेल्या नाताळात कुंड्या हलवल्या तेव्हा दगडात कोरलेले पाच बारीक क्रूस दिसले, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. ख्रिस्ताच्या पाच जखमा. त्यांच्यात माती बसली होती.

साठच्या दशकातला उत्साह नुसता तोडण्यात गेला नाही, हेही नोंदवायला हवं. दादरच्या पोर्तुगीज चर्चची, म्हणजे १५९६ पासूनच्या परंपरेची, आजची वास्तू १९७७ ची. एका ख्यातनाम भारतीय वास्तुकाराने ती काँक्रीटच्या कवचांची आणि उघड्या अंगणांची केली. छताखालून आभाळाखाली, पुन्हा छताखाली अशी चाल आहे. वाडा ठाऊक असलेल्या माणसाला ती पायांना कळते. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली, त्यात पादत्राणं काढणं, बसून विधी करणं, अंजली, आरती, समई होती. यावर 'हिंदूकरण' म्हणून आरडाओरडा झाला. आमची आजी चपला पूर्वीपासूनच दाराबाहेर काढायची, तिला कुणी विचारलं नव्हतं.

वांद्र्याच्या माउंट मेरीला या वादाचा वाराही लागलेला दिसत नाही. टेकडीवरचं जुनं प्रार्थनास्थळ १७३८-३९ च्या धामधुमीत नष्ट झालं, १७६१ मध्ये पुन्हा उभं राहिलं. आजची इमारत १९०४ ची, आराखडा एका पारशी वास्तुकाराचा. सप्टेंबरच्या जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत घेऊन वर चढतात. मेणाचं घर हातात घेऊन मुंबईत वन-बीएचके मागणाऱ्याला वेदी कुठे तोंड करून आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

वाद मात्र मिटलेला नाही. मिस्सेच्या २००० च्या नव्या नियमावलीत भिंतीपासून सुट्या वेदीच्या वाक्याला एक लॅटिन शेपूट जोडलं गेलं: 'शक्य असेल तिथे हे इष्ट.' 'हे' म्हणजे काय? वेदी सुटी असणं, की लोकांकडे तोंड करणं? एका सर्वनामावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्याच सप्टेंबरात रोमने खुलासा केला, की इष्ट म्हणजे सूचना, बंधन नव्हे. २०१६ मध्ये तिथल्याच एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने फादरांना पुन्हा पूर्वेकडे वळायचं आवाहन केलं, आणि काही दिवसांतच, नवे निर्देश वगैरे काही नाहीत, असा खुलासा आला.

आपल्या शेजारी हाच प्रश्न जास्त तापला. स्वतःची उपासनापद्धत असलेल्या केरळी कॅथलिकांच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला, मुंबई-ठाण्यातली मल्याळी कुटुंबं त्यात येतात. त्यांच्या सिनडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, २०२१ मध्ये तोडगा काढला: शब्दविधी (बायबल-वाचनाचा भाग) लोकांकडे तोंड करून, अर्पणाचा भाग वेदीकडे तोंड करून, शेवट पुन्हा लोकांकडे. केरळात एर्नाकुलमच्या कॅथीड्रलमध्ये २०२२ च्या नाताळच्या तोंडावर याच तोडग्यावरून वेदीपाशीच हातघाई झाली.