आधी तार बदलली, मग ब्रिज: बेस गिटारच्या सुट्या भागांची पार्श्वभूमी

पुण्यात बेस शिकणारी मुलं वर्ष-सहा महिन्यांतच एका प्रश्नापाशी येतात: ब्रिज बदलू का? ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावरचा, तारा जिथे टेकतात आणि अडकतात तो धातूचा भाग. हातात बहुधा इबानेझ, कोर्ट, यामाहा नाहीतर स्क्वायर या कंपनीची गिटार असते. त्यातल्या बऱ्याच गिटारींवर वाकवलेल्या पत्र्याचा साधा ब्रिज असतो आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की जड ब्रिज घातला की आवाज भरतो. मग त्या ब्रिजसाठी पैसे साठवणं सुरू होतं आणि तारा मात्र गिटार घेतली त्या दिवसापासूनच्याच राहतात.

हा सल्ला खोटा नाही, पण तो एका विशिष्ट काळातल्या विशिष्ट अडचणीवरचा आहे. ती अडचण कुठून आली हे कळलं तर पैसे कुठे घालायचे हेही कळतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बेसच्या इतिहासात आधी तार बदलली आणि ब्रिज तिच्या मागून बदलत गेला. खरेदीतही तोच क्रम ठेवावा.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. विजेवर चालणारा, पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, फ्रेट) असलेला बेस त्याआधीही झाला होता. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्क यांचा ऑडिओव्हॉक्स १९३०च्या दशकातला. पण तो फारसा पसरला नाही. फेंडरचा पसरला, कारण उभा डबल बेस गाडीत घालून नेण्याचा त्रास आणि विजेच्या गिटारीपुढे त्याचा आवाज न पोचण्याचा त्रास, दोन्ही त्याने एकदम मिटवले. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३४ इंच ठरली, म्हणजे जवळपास ८६४ मिलिमीटर. आज बहुतेक बेस याच मापाचे असतात. गिब्सनचे जुने बेस ३०.५ इंचांचे आणि होफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस ३० इंचांचा. तारांच्या पाकिटावर लाँग, शॉर्ट असं लिहिलेलं असतं ते यामुळे.

१९५१च्या त्या बेसवर काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. ब्रिजवर फक्त दोन सॅडल, म्हणजे तार टेकते ते छोटे आधार, होती, दोन-दोन तारांना मिळून एक. त्यामुळे एका तारेचा सूर वरच्या पडद्यांवर जुळवला की शेजारणीचा थोडा ढळायचा. तारा लाकडाच्या मागून आरपार ओवलेल्या होत्या आणि त्या फ्लॅटवाउंड होत्या, म्हणजे गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत. ब्रिजवर क्रोमचं झाकण होतं आणि त्यात आतून रबराची किंवा फोमची पट्टी, जी तारांना हलकेच दाबून धरायची. १९५७मध्ये रचना बदलली. प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळालं, तारा मागून ओवणं बंद होऊन त्या ब्रिजमध्येच अडकवल्या जाऊ लागल्या, तारेचं कंपन टिपणाऱ्या पिकअपचेही दोन तुकडे झाले. पत्रा मात्र पातळच राहिला आणि फोमही राहिला.

म्हणजे ज्या ब्रिजला आज लोक स्वस्तातला म्हणतात, त्याच्याकडून दीर्घ गुंज मिळावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. डबल बेसची तार बोटाने छेडली की 'ठुम्' करून आवाज विरतो. फेंडरना तोच आवाज हवा होता आणि गुंज दाबायला त्यांनी मुद्दाम फोम बसवला होता. डेट्रॉईटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमर्सन १९६२चा प्रिसिजन वापरत. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा असत आणि त्या ते सहसा बदलत नसत. झाकणाखालचा फोम जागेवर, तारा उंच, आणि उजव्या हाताचं एकच बोट. लॉस अँजेलिसच्या बेसवादक कॅरल के पिकने वाजवत, पण फ्लॅटवाउंड आणि गुंज दाबणारं मफल त्यांच्याकडेही होतंच. ज्या आवाजाला लोक आजही 'विंटेज' म्हणून पैसे मोजतात तो याच पातळ पत्र्यावरून आलेला आहे.

मग बिघडलं कुठे? बिघडलं काहीच नाही, तार बदलली.

इंग्लंडमध्ये 'द हू' या रॉक बँडचे बेसवादक जॉन एन्टविसल यांना बेसवर पियानोच्या खालच्या सुरांसारखा खणखणीत आवाज हवा होता. तसा आवाज देणाऱ्या डॅनेलेक्ट्रो बेसच्या तारा तुटल्या की सुट्या मिळत नसत, म्हणून त्यांनी तारांसाठी आख्खी नवी गिटार विकत घेतली, असं ते मुलाखतींत सांगत. पुढे रोटोसाउंड कंपनीचे जेम्स हाउ यांच्याबरोबर बसून त्यांनी तारा घडवल्या आणि १९६६मध्ये स्विंग बेस ६६ हा संच निघाला. स्टेनलेस स्टीलच्या गोल तारेने गुंडाळलेल्या, म्हणजे राउंडवाउंड. या तारेवर बोट सरकवलं की खरखर ऐकू येते, पडदे लवकर झिजतात, पण आवाजात वरचे स्वर भरपूर असतात आणि तो टिकतो. आता फोमचं काय काम? क्रोमची झाकणं काढून लोकांनी बाजूला टाकली.

आणि झाकण निघालं, तार जोरात घुमायला लागली, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष ब्रिजकडे गेलं. सॅडलचे बारीक स्क्रू खडखडतात, जोरात वाजवलं की सॅडल बाजूला सरकतं, आटे पाडलेल्या सॅडलवर तार एका खाचेतून दुसऱ्या खाचेत उडी मारते. फोमखाली हे सगळं झाकलेलं होतं. त्यावर उत्तर म्हणून १९७०च्या दशकात लिओ क्वान कंपनीचा 'बॅडअ‍ॅस' आला. जड, घट्ट, आणि फेंडरच्याच पाच स्क्रूंच्या भोकांवर बसणारा. सॅडलला खाचा पाडलेल्या नसत, वादकाने आपल्या तारांच्या अंतराप्रमाणे त्या कानशीने पाडून घ्यायच्या. गेडी ली आणि मार्कस मिलर या बेसवादकांच्या जॅझ बेसवर (हे फेंडरचंच दुसरं मॉडेल) तो बसला आणि त्यांचा आवाज ऐकून पुढच्या पिढ्यांनी तो मागितला. ते दशक पितळी नट आणि पितळी ब्रिजचंही होतं. सगळ्यांना गुंज हवी होती. पुढे मूळ बॅडअ‍ॅस बंद झाला, पण जपानच्या गोतोचा २०१, अमेरिकेतल्या हिपशॉटचे ब्रिज आणि खुद्द फेंडरचा हाय-मास हे त्याच वाटेवरचे.

जड ब्रिजने गुंज वाढते का? थोडी वाढते. पण त्याचा खरा फायदा मला यांत्रिक वाटतो: सॅडल हलत नाही, तार खाचेत राहते, लावलेला सूर महिनाभराने तिथेच सापडतो. ज्यांचा पत्र्याचा ब्रिज खडखडत नाही त्यांना तो बदलून फारसं काही नवं ऐकू येणार नाही.

फ्रेटलेसची, म्हणजे पडदे नसलेल्या बेसची, गोष्ट याच काळातली आणि ती मराठी कानाला लगेच कळणारी आहे. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी जॅझ बेसचे पडदे काढले आणि वर राउंडवाउंड तारा चढवल्या. त्या तारा लाकूड खाऊन टाकतात, म्हणून फिंगरबोर्डवर (मानेच्या बोटं ठेवायच्या पृष्ठभागावर) होड्यांसाठी वापरतात तो इपॉक्सी, कडक होणारा राळेचा लेप, चढवला. त्यातून जो रुंजी घालणारा, बोलका आवाज निघतो तो तार कडक पृष्ठभागाला जेमतेम चाटत जाते म्हणून. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हा हेच चाललेलं असतं. सवाई गंधर्व महोत्सवात बसून ज्यांनी तानपुरे लागताना ऐकले आहेत, त्यांना तार आणि तिच्या टेकूचं नातं वेगळं समजवावं लागत नाही.

पुण्यात हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचलं. कॅम्पातल्या बँडमधून आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांमधून बेस गिटार आली. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत, आणि ती गाणी मांडवात वाजवायची तर बेस लागायचाच. आयातीवर बंधनं असल्यामुळे गिटार बऱ्याचदा कोलकात्याच्या बनावटीची असे, आणि बेसच्या चांगल्या तारा परदेशातून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून. अशा तारा फेकवत नाहीत. त्या काढून पाण्यात उकळायच्या, वेढ्यांमधला मळ आणि घामाचा चिकटा निघाला की पुसून, वाळवून पुन्हा चढवायच्या. थोडे दिवस चमक परत येते. बेसवादक हे जगभर करत आले आहेत, आपल्याकडे ती गरज होती.

१९९१नंतर आयात हळूहळू सैल झाली, कॉलेजांमधले बँड वाढले, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींत स्वतःची गिटार घेऊन येणारी मुलं दिसू लागली. २०१०मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरसारख्या महोत्सवांत मोठ्या साउंडवर बेस छातीत जाणवू लागला आणि आपला बेस तसा का वाजत नाही हा प्रश्न पडू लागला. पाच तारांचे बेसही याच पिढीत सर्रास झाले. पाचवी, सगळ्यात खालची बी तार म्हणजे सेकंदाला जेमतेम ३१ कंपनं, त्यासाठी पाकिटावर १२५ किंवा १३० लिहिलेली जाड तार लागते. ती सैल वाजू नये म्हणून काही कंपन्या ३५ इंचांची गिटार करतात.

आता तारा निवडण्याबद्दल. पाकिटावरचे ४५, ६५, ८५, १०५ हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ४५ म्हणजे १.१४ मिलिमीटर, १०५ म्हणजे २.६७. अशा संचात एकेका तारेचा ताण साधारण १८ ते २३ किलोंचा असतो. त्यावरून थेट ५२–११० च्या जेमर्सनी फ्लॅटवाउंडवर गेलात तर मान पुढे वाकणार, मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळी) थोडा आवळावा लागणार आणि नटच्या खाचेत सगळ्यात जाड ई तार अडकली तर खाच कानशीने रुंद करावी लागणार. उलट, रुंद खाचेत बारीक तार घातली तर ती तिथेच तुणतुणते आणि लोक दोष ब्रिजला देतात. फ्लॅटवाउंड महाग वाटतात, पण त्या वर्षानुवर्षं चालतात, कारण त्यांच्यात मळ साठायला फटी कमी. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत हा फायदा मोठा आहे. राउंडवाउंडच हव्या असतील तर स्टेनलेस स्टील निकेलपेक्षा कमी गंजतं, पण पडदे जास्त खातं. निकेलचा मुलामा दिलेल्या तारा मऊ, मात्र घामट हातांखाली लवकर मरतात.

तारा मागून ओवायची सोय असलेला बेस असेल तर फ्लॅटवाउंड तिथून ओवू नयेत. लाकडातून वर येताना त्यांना तीव्र वळण मिळतं आणि वरची पट्टी तडकू शकते. तार कापण्याआधी ती काटकोनात वाकवून मग वाकाच्या पुढे कापावी. गोल गाभ्याच्या तारेत न वाकवता कापलं तर वेढे गाभ्यावरून सुटतात आणि संच वाया जातो. नवी तार चढवली की सॅडलपाशी बोटाने हलकेच दाबून तिथला बाक पक्का करायचा आणि मगच बाराव्या पडद्यावरचा सूर तपासायचा. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. बऱ्याच जणांचा ब्रिज बदलायचा विचार या एवढ्या कामानंतर मावळतो.

तरीही बदलायचाच असेल तर दुकानात जाण्यापूर्वी मोजायच्या गोष्टी आहेत. तारांमधलं अंतर चार तारांच्या बेसवर बहुधा १९ मिलिमीटरच्या आसपास असतं, पाच तारांवर कमी असू शकतं. स्क्रूची भोकं जुळतात का ते पाहायचं. काही इबानेझ मॉडेलांवर प्रत्येक तारेचा ब्रिज सुटा असतो, तिथे फेंडरच्या मापाचा ब्रिज बसणारच नाही. सगळ्यात जास्त फसवते ती उंची. जड ब्रिजचा तळ जाड असतो, त्यामुळे सॅडल पूर्ण खाली नेलं तरी तारा उंच राहू शकतात आणि मग मानेच्या खाचेत पातळ शिम (पाचरीसारखी पट्टी) घालून मान किंचित मागे झुकवावी लागते. हे काम चांगल्या कारागिराकडूनच करून घ्यावं.

अ‍ॅलन कीचीही (ब्रिजचे स्क्रू फिरवायच्या षटकोनी किल्लीची) गोष्ट याच इतिहासातली. अमेरिकन ब्रिज इंचांत, आशियाई मिलिमीटरमध्ये. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिलिमीटर, त्यात १.५ची की जाते, फिरतेही, आणि दोन-चार वेळांत स्क्रूचं षटकोनी भोक गोल करून टाकते. नाना पेठेत किंवा रविवार पेठेत दोन्ही मापांच्या कीचा संच घेऊन ठेवावा. पॉटसाठी, म्हणजे नॉबखालच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागासाठी, तापकीर गल्ली आहेच. प्रिसिजनला २५० किलोओहमचा लागतो, फक्त दांडा आपल्या नॉबला बसतो का ते काउंटरवरच पाहायचं. खुंट्या बदलणाऱ्यांनी भोकाचा व्यास मोजावा आणि वजनही बघावं. हलक्या खुंट्यांनी हेडस्टॉक, म्हणजे मानेचं खुंट्यांचं टोक, खाली झुकायचा थांबतो आणि खांद्याला तो फरक पहिल्याच कार्यक्रमात कळतो.

पावसाळ्याआधी सॅडलचे उंचीचे स्क्रू एकदा पूर्ण काढून पुसावेत आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब लावून परत बसवावेत. हे करताना तारा काढलेल्या असाव्यात, कारण तेल वेढ्यांत गेलं की नवी तारही मुकी होते.