दुसऱ्यासाठी पुस्तक लिहिताना मानधन कसे ठरवावे

आमच्याकडे अक्षरजुळणी आणि पुस्तकाच्या मांडणीसाठी येणाऱ्यांत दुसऱ्याच्या नावाने लिहिणारे नवे लेखक बरेच असतात. कुणी टॉवेल कारखानदाराचे आत्मचरित्र लिहितो, कुणी निवृत्त मुख्याध्यापकांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ. लिखाण चांगले असते, पण पैशांचे बोलणे "काय ते समजून द्या" इथेच थांबलेले असते. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

"पानाला किती घेता?" या प्रश्नाला लगेच आकडा सांगू नका. पान तयार होण्याआधीच निम्मे काम झालेले असते. तासाभराचे रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला नवख्याला चार-पाच तास सहज लागतात. सोलापूरच्या अशोक चौकातल्या एखाद्या जुन्या विणकर आजोबांनी अर्धी हकीकत तेलुगूत सांगितली, तर त्याहून जास्त.

म्हणून हिशेब तासांवर करा. समजा, पुस्तक ४०,००० शब्दांचे आहे. मुलाखती १५ तास, उतरवणे ७० तास, ताशी ३०० शब्दांनी लेखन सुमारे १३५ तास, दोन दुरुस्त्या ४० तास. एकूण २६० तास झाले. ताशी २५० रुपये धरले तर ६५,००० रुपये. बार्शी-पंढरपूरला जावे लागले तर प्रवासखर्च वेगळा. तुमचा वेग आणि दर वेगळे असतील, पण हा कागद समोर ठेवला की ग्राहकालाही आकडा पटतो.

तरीही "जरा कमी करा" येणारच. तेव्हा दर उतरवू नका, काम कमी करा. मुलाखती कमी घ्या, रेकॉर्डिंग उतरवून घ्यायचे काम त्यांच्या ऑफिसकडे द्या किंवा दुरुस्तीची एकच फेरी ठेवा. पुस्तकात "शब्दांकन" म्हणून तुमचे नाव येणार असेल, तर थोडी सूट द्यायला आमच्या मते हरकत नाही. नाव कुठेच येणार नसेल, तर ते पुस्तक पुढच्या ग्राहकाला दाखवता येत नाही. त्याचे जास्त घ्या.

पैसे टप्प्याटप्प्याने घ्या: काम सुरू करताना ३० टक्के, पहिली तीन प्रकरणे पसंत पडल्यावर ३०, पूर्ण मसुद्यावर ३० आणि अंतिम फाइल देण्याआधी १०. गौरवग्रंथाच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा. प्रकाशनाची तारीख आणि पाहुणे आधीच ठरलेले असतात, त्यामुळे समारंभापर्यंत सगळे तुमच्यामागे धावतात. समारंभ झाला की ग्रंथ काढणारी गौरव समितीच उरत नाही आणि राहिलेले पैसे कुणाकडे मागायचे ते कळत नाही. करारावर अध्यक्ष किंवा खजिनदाराची सही घ्या आणि पैसे कोण देणार ते नावानिशी लिहा.

करारात एक वाक्य हवेच: शेवटचा हप्ता मिळाल्यावरच लेखनाचे हक्क ग्राहकाकडे जातील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेला लेखक हाच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो आणि लेखी, सही केलेल्या कागदाशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. नवे लेखक ही बाजू वापरतच नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते.

कंपनी किंवा संस्थेकडून वर्षभरात ५०,००० रुपयांवर मानधन मिळाले, तर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळते होतात. पॅन मात्र आधीच द्या, नाहीतर २० टक्के कापतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, हीही करून ठेवा, ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीधारकाचे पैसे देण्यासाठी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत करारातही ठेवता येत नाही. त्यापुढे उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते.

कराराचा साधा मराठी नमुना आमच्या काउंटरवर विनामूल्य मिळेल. ग्राहकाने स्वतःचा करार दिला असेल, तर सही करण्याआधी तो घेऊन या, हप्ते आणि हक्कांची कलमे आपण सोबत बसून वाचू.