कलादालनाचे प्रतिनिधित्व आणि ग्रामीण विदर्भ

कलादालनाचे प्रतिनिधित्व : खासगी कलादालनाने, म्हणजे गॅलरीने, ठरावीक कलावंतांचे काम दीर्घकाळ सांभाळण्याची, दाखवण्याची आणि विकण्याची जबाबदारी घेणे. 'तो अमुक गॅलरीचा आर्टिस्ट आहे' असे म्हणतात ते याच अर्थाने. भिंत भाड्याने देणाऱ्या दालनाशी याची नेहमी गल्लत होते. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत (स्थापना १९५२) अर्ज करायचा, निवड झाली की भाडे भरून आठवडाभर चित्रे लावायची आणि मग ती बांधून गावी परतायचे, अशी रीत आहे. प्रतिनिधित्व करणारी गॅलरी मोजक्याच कलावंतांना हाताशी धरते, दर काही वर्षांनी त्यांचे एकल प्रदर्शन भरवते आणि कलामेळ्यांत, संग्राहकांपुढे त्यांचे काम नेत राहते.

विदर्भातल्या माणसाला हा व्यवहार अडतीवरून चटकन कळतो. अडत्याकडे ठेवलेला माल विकेपर्यंत शेतकऱ्याचाच. तसे गॅलरीत ठेवलेले चित्र विकेपर्यंत चित्रकाराचेच. विक्री झाली की किमतीचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा गॅलरी घेते. निम्मा ऐकून गावाकडे डोळे मोठे होतात, पण जागा, माणसे, पुस्तिका, वाहतूक, विमा हा खर्च बहुधा त्याच वाट्यातून निघतो. अडतीशी साम्य इथवरच. जिनिंगमध्ये गेलेला कापूस कोणाच्या वावरातला, हे पुढे कोणी विचारत नाही. चित्राची किंमत मात्र ते कोणाचे, या नोंदीवरच उभी असते. गॅलरीतले चित्र उलटून पाहावे. मागे चिठ्ठी चिकटवलेली असते : कलावंताचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी) आणि नोंदीचा क्रमांक. ते कुठे कुठे लागले, कोणी घेतले, हे त्या क्रमांकाखाली जमा होत जाते. विक्रीपेक्षाही ही नोंदच गॅलरीचे मोठे काम आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कायद्यातही या नोंदीचे मोल आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र किंवा शिल्प १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळण्याचा हक्क आहे. हा वाटा जास्तीत जास्त १० टक्के. पण चित्र कुठे गेले हेच ठाऊक नसेल, तर हक्क मागायचा कोणाकडे?

ग्रामीण विदर्भात हाताला कला असलेल्यांची वाण कधीच नव्हती. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देणारी शाळकरी मुले, दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकांचे पडदे रंगवणारे, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणारे, सगळे आपल्याच भोवती आहेत. घराघरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नंदी असतो. तो कोणी कोरला, हे घरातल्यांनाही सहसा सांगता येत नाही. ही खंत वाटण्याजोगीच गोष्ट आहे.

नाव कमवायचे तर वाट पूर्वीपासून विदर्भाबाहेरची. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपुरात चित्रकला शिकले आणि मुंबईला गेले. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले, त्यांचे शिक्षण आणि नाव दोन्ही मुंबईचे. अलीकडचे आणि खरोखर गावातले उदाहरण प्रभाकर पाचपुते यांचे. त्यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात सास्ती इथला. सास्ती म्हणजे कोळशाची खाण, आणि त्यांच्या घरातल्या पिढ्या खाणीतच राबल्या. शिल्पकलेचे पहिले शिक्षण त्यांनी खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात घेतले, पुढचे बडोद्याला. २०१२ मध्ये मुंबईतल्या क्लार्क हाऊस या ठिकाणी त्यांचे एकल प्रदर्शन झाले. त्यानंतर कोलकात्याची एक्सपेरिमेंटर ही गॅलरी (स्थापना २००९) त्यांचे प्रतिनिधित्व करू लागली. कोची, साओ पाउलो, इस्तंबूल इथल्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत त्यांचे काम लागले. २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार अंतिम फेरीतल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांत ते होते.

त्यांचे माध्यम कोळसाच. चित्रकाराच्या चारकोल कांडीने ते थेट भिंतीवर माणसे काढतात. कुणाच्या धडावर डोक्याच्या जागी अवजार, कुणाचे शरीर जमिनीसारखे खणलेले. खाणीच्या गावात कपड्यांवर, भांड्यांवर, उंबऱ्यावर बसणारी काजळी ज्याने पाहिली आहे, त्याला ती काळी रेघ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. प्रदर्शन संपले की असे भित्तिचित्र बहुधा पुसले जाते. मग विकायचे काय, असा प्रश्न गावात कोणीही विचारेल. कागद-कॅनव्हासवरची कामे आणि शिल्पे विकली जातात; भिंतीवरच्या चित्राचे छायाचित्र आणि तपशील नोंदीत राहतात.

प्रतिनिधित्वाचा असा करार तालुक्याच्या गावात चालून येणे दुर्मीळ. नोंदवही मात्र आजच सुरू करता येते : प्रत्येक कामाचा सपाट उजेडात काढलेला फोटो, मागे सही आणि साल, घेणाऱ्याचे नाव. चित्र कोणत्याही दालनात ठेवताना लेखी पावती मागावी. किती दिवसांसाठी ठेवले, किंमत किती, कमिशन किती टक्के, विकल्यावर पैसे किती दिवसांत मिळणार आणि न विकल्यास परतीचे भाडे कोणी भरायचे, एवढे त्यावर लिहून घ्यावे.