हुबेहूब सही खोटी का ठरते?

२०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकी गायक बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या सही केलेल्या प्रती सुमारे ६०० डॉलरला एक या भावाने विकल्या गेल्या. पुस्तकं घरपोच झाली, चाहत्यांनी सह्यांचे फोटो एकमेकांना दाखवले आणि बिंग फुटलं. कित्येक प्रतींवरच्या सह्या रेघ न रेघ सारख्या होत्या! त्या ऑटोपेनने, म्हणजे साच्यावरून पेन फिरवणाऱ्या यंत्राने केल्या होत्या. प्रकाशकाने पैसे परत केले. चक्कर येण्याचा त्रास आणि करोना ही कारणं सांगत डिलननेही माफी मागितली.

इतका सारखेपणा माणसाच्या हाताला जमतच नाही. सही अंगवळणी पडली की ती अक्षर अक्षर आठवून होत नाही, एका झटक्यात होते; तिचा आराखडा बोटांत नव्हे, मेंदूत बसलेला असतो. म्हणून कागदावर बोटांनी केलेली आणि फळ्यावर खांद्यातून केलेली सही एकाच माणसाची वाटते. पण स्नायूंना मिळणारे संदेश दर वेळी किंचित डळमळतात. कधी रेघ लांबते, कधी वळण चेपतं.

ही गोष्ट अमेरिकेतल्या एका खटल्यात आकड्यांनी मांडली गेली, तीही १८६० च्या दशकात. हेटी रॉबिन्सनने मावशीच्या इस्टेटीवर हक्क सांगणारा कागद पुढे केला. त्यावरची मावशीची सही तिच्या मृत्युपत्रावरच्या सहीशी जरा जास्तच जुळत होती. हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी मावशीच्या ४२ सह्या घेतल्या आणि प्रत्येकीतल्या वरून खाली येणाऱ्या ३० रेघा जोडीजोडीने ताडून पाहिल्या. सरासरी पाचांतली एक जुळे. तीसच्या तीस जुळण्याची शक्यता पर्स यांनी काढली ती २६६६ वर अठरा शून्यं, इतक्यांत एक. प्रत्येक रेघ स्वतंत्र धरण्याचं त्यांचं गृहीतक आज कच्चं वाटतं, पण सही गिरवून केल्याची शंका रास्त होती. खटला हेटी हरली, तोही भलत्याच कायदेशीर मुद्द्यावर.

मग यंत्राच्या सहीवर एवढा राग का? नाव तर तेच. माझ्या मते चाहता पैसे मोजतो ते त्या कागदावरून डिलनचा हात फिरला याचे. येल विद्यापीठाच्या जॉर्ज न्यूमन आणि पॉल ब्लूम यांनी केनेडी दांपत्य आणि मेरिलिन मन्रो यांच्या वस्तूंच्या लिलावांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या वस्तूला त्यांचा स्पर्श जास्त झाला असेल असं लोकांना वाटे, तिला चढा भाव मिळाला होता. ठकसेन बर्नी मेडॉफच्या सामानात कल उलटा दिसला. त्याआधीच्या एका प्रयोगात तर आवडत्या व्यक्तीने वापरलेला स्वेटर निर्जंतुक करून देतो म्हटल्यावर लोकांची तो घेण्याची हौसच कमी झाली होती.