मत्स्य विषबाधा (गोड्या पाण्यातील)

नद्या, तलाव व धरणांच्या पाण्यात मिसळलेल्या विषारी द्रव्यांमुळे माशांच्या शरीरक्रियांत होणारा बिघाड. बातमी होते ती काठाला लागलेल्या मृत माशांच्या खचाची. माशाला जिवंत ठेवून आतून निकामी करणारी विषबाधा मात्र नजरेआड राहते आणि तीच अधिक घातक आहे.

पहिला घाव कल्ल्यांवर बसतो. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. शरीरातून सतत झिरपून जाणारे क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशी पाण्यातून परत ओढून घेतात. तांबे आणि आम्लधर्मी पाण्यातले ॲल्युमिनियम नेमके हेच काम बंद पाडतात. अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर (pH; पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) ठरतो : २५° से. तापमानाला सामू ७ असताना त्याचा १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की एक तृतीयांशाहून अधिक. नायट्राइटमुळे रक्त तपकिरी पडते व प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही.

पंचगंगा आणि कृष्णेत उन्हाळ्यात पाणी कमी असताना मळीमिश्रित सांडपाणी आले की प्राणवायू झपाट्याने घटतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवतात. त्या पाण्यात विष असेल तर तेही जास्त शोषले जाते. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून नुसता प्राणवायू कमी पडला तर ती सहसा तगते. रोहू-कटल्याबरोबर मरळही मेलेली आढळली, तर विषाचा संशय बळावतो.

अल्प मात्रेचे परिणाम सावकाश दिसतात. तांब्यामुळे वासाची जाण बोथट होऊन शत्रूची चाहूल लागत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके चेतासंस्थेतील कोलिनएस्टरेज हे, चेतासंदेश वेळीच थांबवणारे विकर (एंझाइम) निष्क्रिय करतात. कॅनडातील ऑन्टारिओच्या एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम इतकेच सोडले गेले. फॅटहेड मिनो जातीच्या नरांत, एरवी माद्यांत बनणारे, अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि त्या जातीची संख्या जवळजवळ संपली.

निदानासाठी वेळ फार थोडा असतो. कल्ले सर्वांत आधी कुजतात, म्हणून नुकतेच मेलेले किंवा मरणासन्न मासे बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. पाण्याचा नमुनाही त्याच वेळी, खच पडलेल्या जागेसह प्रवाहाच्या वरच्या बाजूलाही घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवसापर्यंत दूषित पाणी वाहून गेलेले असते.