पाण्याच्या दोन टाक्या आणि एका काउंटीची अनेक चित्रे

अमेरिकेतल्या अटलांटा शहराहून ईशान्येकडे जाणाऱ्या आय-८५ महामार्गावर, जिमी कार्टर बुलेव्हार्डजवळ, कित्येक वर्षे पाण्याच्या दोन भल्यामोठ्या टाक्या उभ्या होत्या. एकीवर ठळक अक्षरांत लिहिले होते ‘ग्विनेट इज ग्रेट’ आणि दुसरीवर ‘सक्सेस लिव्ह्ज हिअर’, म्हणजे यश इथे नांदते. शहरातून येणाऱ्याला ग्विनेट काउंटीची, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची, हद्द लागली हे रस्त्यावरच्या पाटीआधी या टाक्या सांगत. ऑगस्ट २०१० मध्ये त्या पाडल्या गेल्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत ग्विनेटमधील हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) नसलेल्या गोऱ्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के भरले. दहा वर्षांपूर्वी ते सुमारे दोन तृतीयांश होते, तर १९९० मध्ये दर दहा रहिवाशांतले जवळजवळ नऊ जण गोरे होते. टाक्या पडल्या ते अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले. पण माणसांच्या रचनेतला बदल नेमका कधी झाला, हे तिथेच राहणाऱ्या बहुतेकांना सांगता येणार नाही. असे का व्हावे, याचा शोध मानसशास्त्र आणि राज्यशास्त्र या दोन्ही क्षेत्रांतील संशोधकांनी घेतला आहे, आणि तो समजून घ्यायला ग्विनेटसारखे उदाहरण क्वचितच मिळेल.

जॉर्जिया राज्यातल्या या काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,१३० चौरस किलोमीटर आहे. १९७० मध्ये तिथे ७२,३४९ माणसे राहत होती. १९९० मध्ये ती ३,५२,९१० झाली आणि २०२० मध्ये ९,५७,०६२. पन्नास वर्षांत लोकसंख्या तेरा पटींनी वाढली, आणि सुरुवातीची वाढ मुख्यतः अटलांटा शहर सोडून आलेल्या गोऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांची होती. त्यानंतर कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, कोरियन, व्हिएतनामी आणि भारतीय कुटुंबे आली. २०२० मध्ये हिस्पॅनिक नसलेले गोरे साधारण एक तृतीयांश, कृष्णवर्णीय सुमारे २७ टक्के, हिस्पॅनिक सुमारे २३ टक्के आणि आशियाई सुमारे १३ टक्के होते. आज डुलुथ गावातल्या प्लेझंट हिल रोडवरून जाताना दुकानांच्या रांगांवर हंगुल या कोरियन लिपीतल्या पाट्या दिसतात, तर लिलबर्नमध्ये २००७ पासून स्वामीनारायण संप्रदायाचे भव्य मंदिर उभे आहे. तुर्कस्तानचा चुनखडक, इटलीचा संगमरवर आणि भारतातला गुलाबी वालुकाश्म यांचे घडवलेले दगड जोडून ते बांधले आहे.

अटलांटाचे लोक आपल्या प्रदेशाचे दोन भाग करतात. शहराभोवतीच्या आय-२८५ या वर्तुळाकार महामार्गाच्या आतले ते ‘आयटीपी’ आणि बाहेरचे ते ‘ओटीपी’. या दोन खुणांमध्ये पत्त्यापेक्षा जास्त काही भरलेले असते: कोण कसे राहते, कोण कुणाला मत देते, कुणाकडे पदपथ आहेत आणि कुणाकडे फक्त मोटारी. आयटीपीतल्या अनेकांच्या मनातले ग्विनेट अजूनही टाक्यांच्या काळातले, गोऱ्या पुराणमतवादी कुटुंबांचे उपनगर आहे. याउलट आणखी बाहेरच्या, अजून विरळ वस्तीच्या काउंट्यांकडे सरकलेल्या लोकांच्या बोलण्यात ‘ग्विनेट आता पूर्वीचे राहिले नाही’ हे वाक्य येते. दोघेही बाहेरचेच, आणि दोघांची चित्रे एकमेकांच्या अगदी उलट. माझ्या मते या चित्रांना खरे किंवा खोटे ठरवण्याआधी त्यांच्यावरची तारीख वाचावी. एखाद्या जागेकडे शेवटचे लक्षपूर्वक पाहण्याची गरज आपल्याला जेव्हा पडली, ती तारीख त्या चित्रावर उमटलेली असते. घर शोधताना, मूल शाळेत घालताना किंवा नोकरी बदलताना आपण पाहतो. एरवी मनातल्या साठवणीवर काम भागते.

मग तिथेच राहणाऱ्यांचे चित्र रोज ताजे होत असेल, असे वाटेल. प्रत्यक्षात त्यांची अडचण वेगळी असते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये ‘सरकत्या आधाररेषे’ची कल्पना मांडली. मासळीचा अभ्यास करणारी प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला दिसलेला साठा हाच मूळचा साठा समजते, आणि त्यामुळे अनेक पिढ्यांत मिळून झालेली प्रचंड घट कुणाच्याच नजरेत भरत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. उपनगरातही हेच घडते. १९८५ मध्ये आलेल्याला कुरणे आणि दुपदरी रस्ते हे खरे ग्विनेट वाटते, २००५ मध्ये आलेल्याला सहापदरी रस्ते आणि कोरियन किराणा हे नेहमीचेच वाटते, आणि दोघे शेजारी राहून ‘आपला भाग किती बदलला’ या एकाच वाक्याने दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात.

शिवाय माणसाला प्रमाण अजमावणे मुळातच नीट जमत नाही. लहान गट आहेत त्यापेक्षा मोठे आणि मोठे गट आहेत त्यापेक्षा लहान वाटतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. याचे खापर बहुधा भीतीवर किंवा द्वेषावर फोडले जाते. परंतु मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की या चुकीचा बराच भाग मन कोणत्याही प्रमाणाचा अंदाज बांधताना ज्या प्रकारे मध्याकडे झुकते, त्यातून समजावता येतो. ज्या गटाबद्दल मनात काहीच नाही, त्याबाबतही हीच चूक होते. ‘इथे आता सगळे बाहेरचेच’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात पूर्वग्रह असू शकतो, पण त्याच्या आकड्याची चूक हा त्या पूर्वग्रहाचा पुरेसा पुरावा नव्हे.

बदल बोचतो तो किती झाला यापेक्षा किती वेगाने झाला यामुळे, असे राज्यशास्त्रज्ञ डॅनियल हॉपकिन्स यांनी २०१० मध्ये मांडले. नव्याने येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली आणि त्याच वेळी देशाच्या राजकारणात स्थलांतरितांविषयीचा सूर कडवा असला, तर स्थानिकांची मते कठोर होतात. यांपैकी एकच गोष्ट असली तर तितकीशी होत नाहीत. या संदर्भात राज्यशास्त्रज्ञ रायन एनोस यांचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. बॉस्टनच्या बहुतांश गोऱ्या उपनगरांतल्या रेल्वेस्थानकांवर त्यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या तरुणांच्या जोड्या रोज ठरलेल्या गाडीला उभ्या केल्या. त्यांना काही विशेष करायचे नव्हते. फलाटावर थांबायचे आणि गाडीत चढायचे एवढेच. पहिल्या काही दिवसांतच सहप्रवाशांची स्थलांतरासंबंधीची मते अधिक कठोर झाली. दहा दिवसांनी ज्यांना प्रश्न विचारले, त्यांच्यात मात्र हा परिणाम ओसरू लागला होता. रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहून काही प्रवासी ओळखीचे हसूही लागले होते, असे त्या तरुणांनी सांगितले. दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून तीस वर्षांच्या इतिहासाचे भाकीत करता येत नाही हे खरे, पण पहिला धक्का आणि नंतरची सवय या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

ग्विनेटच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. लोकसंख्येतला बदल समाजाच्या सगळ्या अंगांत एकदम पोहोचत नाही. नव्याने येणारी कुटुंबे तरुण असतात, म्हणून तो आधी प्रसूतिगृहात आणि बालवर्गात दिसतो, मग दुकानांत आणि प्रार्थनास्थळांत. मतदार यादीत तो सर्वांत शेवटी येतो, कारण मुलांना अठरा पूर्ण व्हावी लागतात आणि मोठ्यांना कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर साधारण पाच वर्षे थांबून नागरिकत्व घ्यावे लागते. त्यामुळे शाळेतल्या शिक्षिकेला जे ग्विनेट कधीच दिसू लागले होते, ते राजकीय वार्ताहराला २०१६ मध्ये दिसले. त्या वर्षी, १९७६ नंतर प्रथमच, काउंटीने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला आणि सगळीकडे आश्चर्य व्यक्त झाले. त्याच वर्षाअखेर केंद्रीय कायद्यानुसार इथल्या मतपत्रिका स्पॅनिशमध्येही देणे बंधनकारक झाले. गोऱ्यांचे बहुमत संपून तोवर निदान सहा वर्षे झाली होती, तरी काउंटीच्या आयुक्त मंडळावर गोऱ्येतर सदस्य पहिल्यांदा निवडून आले ते २०१८ मध्ये.

मनातल्या चित्रांचे परिणाम जमिनीवरही उमटतात. अटलांटाच्या ‘मार्टा’ या रेल्वे-बस सेवेत सामील व्हायचे की नाही, यावर ग्विनेटने १९७१ मध्ये मत दिले तेव्हा उत्तर नकाराचे होते, आणि शहरातले ‘ते लोक’, म्हणजे कृष्णवर्णीय, गाडीत बसून इकडे येतील ही भीती त्या काळच्या विरोधात उघड होती. १९९० मध्ये पुन्हा नकार, मार्च २०१९ मध्ये पुन्हा नकार. २०२० मध्ये सार्वजनिक वाहतुकीचा प्रस्ताव निसटत्या फरकाने पडला आणि २०२४ मध्येही पडला. अलीकडच्या निकालांमागे वाढीव विक्रीकर, मार्गांची आखणी आणि मतदानाची वेळ अशी साधी कारणेही आहेत. सगळे वर्णभेदाच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. पण ज्या काउंटीत आज जवळपास दहा लाख माणसे राहतात, तिच्या सीमेत मार्टाच्या रेल्वेचे एकही स्थानक नाही, आणि मोटार नसलेल्या कामगाराचा पहाटेचा प्रवास अजूनही त्या जुन्या चित्राची किंमत मोजतो.

एकाच जागेची दोन चित्रे पाहायची असतील तर ‘ग्विनेट प्लेस’ मॉलकडे पाहावे. १९८४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा संपूर्ण काउंटीची शान होता. १९९९ मध्ये उत्तरेला ‘मॉल ऑफ जॉर्जिया’ उघडला, पाठोपाठ आणखी एक मोठा मॉल आला, आणि इथली दुकाने एकेक करून बंद पडत गेली. जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात हा मॉल काउंटीच्या उतरणीची खूण होऊन बसला. पण त्याच इमारतसमूहाच्या एका टोकाला, पूर्वीच्या मोठ्या वस्त्रभांडाराच्या जागेत, २०१० मध्ये ‘मेगा मार्ट’ हे कोरियन किराणा भांडार आले. आतल्या रिकाम्या दालनांच्या छायाचित्रांवर लोक हळहळत असताना बाहेरच्या त्या टोकाला ताजी मासळी, किमची आणि तांदळाच्या पोत्यांनी भरलेल्या ढकलगाड्या गर्दीतून वाट काढत होत्या. २०२१ मध्ये काउंटीने पुनर्विकासासाठी मॉलची सुमारे ३९ एकर जागा २ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. ‘मेगा मार्ट’ची इमारत त्या खरेदीत नव्हती. तिची मालकी वेगळी होती, आणि दुकान चालू होते.