लाचेच्या खटल्याला १२० दिवसांची 'मानीव मंजुरी' मिळते का?

लाच घेताना पकडलेल्या कर्मचाऱ्यावर खटला चालवायचा, तर आधी मंजुरी लागते. ठाण्यातल्या एखाद्या सापळ्याची फाइल रखडली की कुणीतरी हमखास सांगतो, "नव्या कायद्यात १२० दिवस उलटले की मंजुरी मिळाली असंच धरतात." तरतूद खरी आहे, पण या फाइलसाठी ती नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १९७) सरकारच पदावरून काढू शकतं अशाच अधिकाऱ्यांना संरक्षण देतं, आणि तेही कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यापुरतं. विनंती मिळाल्यापासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिल्याचं मानायचं, हे इथलं. ज्याला महापालिका आयुक्त काढू शकतात त्या लिपिकाला हे संरक्षणच नाही, मग मानीव मंजुरीचा प्रश्न येतो कुठून?

लाचेच्या गुन्ह्याची मंजुरी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम १९ खाली घ्यावी लागते. ती शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना लागते, २०१८ च्या दुरुस्तीनंतर निवृत्तांनाही. मुदत तीन महिने. कायदेशीर सल्ल्यासाठी, कारण लेखी नोंदवून, आणखी एक महिना. चार महिने उलटले तरी मंजुरी आपोआप मिळत नाही. विजय राजमोहन प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली. मात्र ती चुकली म्हणून खटला रद्द होत नाही; विलंबाचा जाब सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे मंजुरी देणाऱ्याला, द्यावा लागतो. संहिता बदलताना या विशेष कायद्यातली मंजुरी तशीच राहिली. आमच्या मते ही मोठी त्रुटी आहे.

खरी गुंतागुंत मिश्र गुन्ह्यात होते. समजा, पैसे घेऊन बनावट भोगवटा प्रमाणपत्र दिलं आणि आरोपींत राज्य सरकारकडून प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी आहे. लाचेसाठी कलम १९ लागेलच. बनावट दस्तऐवजाच्या कलमांसाठी बचाव पक्ष २१८ चा मुद्दा काढणार, मग तो टिको वा न टिको. म्हणून प्रस्तावात दोन्ही कलमांखालची मागणी स्वतंत्र लिहावी आणि तारखेची पोच घ्यावी. दोन्ही मुदती प्रस्ताव मिळाल्याच्या दिवसापासून धावतात. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर कलमं भारतीय दंड संहितेचीच लावायची.

अनेक खटले पडतात ते मंजुरी आदेशावर. गुन्हा घडला त्या वेळी आरोपीला पदावरून काढण्याचा अधिकार कुणाला होता, हे नेमणूक आदेश आणि सेवा नियमांवरून ठरवावं. नुसत्या पदनामावर जाऊ नये. दुसरी चूक म्हणजे तपास यंत्रणेने पाठवलेल्या मसुद्यावर जशीच्या तशी सही. सही करणारा साक्षीला येतो, तेव्हा पडताळणी पंचनामा, संभाषणाचा उतारा, न्यायवैद्यक अहवाल यांतलं काय वाचलं, हे त्याला विचारलं जातं. उत्तर देता आलं नाही की आदेशच डळमळतो. मंजुरीच अवैध ठरली तर आरोपी दोषमुक्त होतो, निर्दोष नव्हे (नंजप्पा प्रकरण, २०१५). नव्याने मंजुरी घेऊन खटला भरता येतो, पण तोवर पंच आणि साक्षीदारांच्या आठवणी पुसट होतात.

मंजुरीची वाट पाहत दोषारोपपत्र मात्र अडवू नये. आरोपी कोठडीत असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ७ च्या (लाच घेण्याच्या) गुन्ह्यात ६० दिवसांत ते दाखल करावंच लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मंजुरीशिवाय दाखल केलेलं दोषारोपपत्र यासाठी चालतं. फक्त मंजुरी येईपर्यंत न्यायालय त्याची दखल घेत नाही, म्हणजे खटला पुढे सरकत नाही.

याच अधिनियमाच्या कलम १७अ ची पूर्वपरवानगी याहून निराळी. ती चौकशी सुरू करण्याआधीची आणि अधिकाऱ्याच्या शिफारशी वा निर्णयाबद्दलची. लाच घेताना जागीच अटक झाली असेल तर ती लागत नाही.